मासळीवरचं निळं लेबल आणि तीन राज्यांचा एक बांगडा

बेळगावच्या मासळी बाजारात सकाळी उतरणारा बांगडा कधी चोर्ला घाटातून गोव्याहून आलेला असतो, कधी कारवारहून, तर कधी आंबोली चढून मालवण-वेंगुर्ल्याहून. गिऱ्हाईक डोळे बघतं, कल्ले उचलून लाल आहेत का ते बघतं, भाव थोडा पाडून मागतं आणि पिशवी घेऊन निघतं. हा मासा कुठल्या राज्याच्या नौकेने पकडला, कुठल्या जाळ्याने, किनाऱ्यापासून किती अंतरावर, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी विकणाऱ्या बाईला ते सांगता येणं कठीण, कारण तिच्यापर्यंत माल दोन-तीन हातांतून आलेला असतो.

युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये याच प्रश्नाचं उत्तर पाकिटावर छापलेलं मिळतं. माशाची आकृती असलेलं एक छोटं निळं चिन्ह. त्याचा अर्थ असा की ही मासळी ज्या साठ्यातून पकडली तो साठा संपत चाललेला नाही, पकडण्याच्या पद्धतीने समुद्राची फार नासाडी होत नाही आणि मासेमारीवर कुणाचं तरी नीट लक्ष आहे. मासळीच्या या प्रमाणपत्राला पर्यावरण लेबल म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरही असं लेबल यावं, त्याने मच्छीमाराला दोन पैसे जास्त मिळतील आणि समुद्रातली मासळीही टिकेल, असा विचार भारतातही मांडला जातो.

विचार वाईट नाही. पण लेबलचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव बघितला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. लेबल ही केलेल्या कामाची पावती असते. ते काम लेबल करत नाही. आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक या पट्ट्यात ते काम तीन सरकारांत वाटलं गेलंय. तिघं एका टेबलावर बसत नाहीत तोवर बांगड्यावर कुठलंही लेबल चिकटणार नाही.

लेबल आलं कुठून?

सुरुवात झाली टूनाच्या डब्यापासून. पूर्व प्रशांत महासागरात टूनाबरोबर डॉल्फिनचे कळपही जाळ्यात अडकून मरत होते. अमेरिकेत यावरून ग्राहक चिडले, मोठ्या डबाबंद कंपन्यांना माघार घ्यावी लागली आणि १९९० मध्ये तिथे ‘डॉल्फिन सेफ’ लेबलचा कायदा झाला. डब्यावरच्या चार शब्दांमुळे जहाजाने जाळं कसं टाकायचं हे बदलू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

दुसरा धक्का कॅनडात बसला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉड मासेमारी ही जगातल्या सर्वांत श्रीमंत मासेमारींपैकी एक. शेकडो वर्षं तिच्यावर गावंच्या गावं जगली. १९९२ मध्ये साठा इतका ढासळला की कॅनडा सरकारने तिथली कॉड मासेमारी बंदच केली. हजारो लोकांचा रोजगार एका आदेशाने गेला. मासळी गोठवून विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही तेव्हा कळलं की समुद्रच रिकामा झाला तर धंदा कशावर करायचा?

याच पार्श्वभूमीवर युनिलिव्हर ही कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्ग संवर्धन करणारी संस्था एकत्र आल्या. त्यातून मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एमएससी, उभी राहिली. १९९९ पासून ती दोघांपासून वेगळी होऊन स्वतंत्रपणे चालू लागली. २००० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेवंडांना आणि इंग्लंडमधल्या एका छोट्या हेरिंग मासेमारीला पहिली प्रमाणपत्रं मिळाली. आज जगात शेकडो मासेमारींकडे हे प्रमाणपत्र आहे. त्यातल्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या आहेत.

तपासणीची पद्धत परीक्षेसारखी आहे. तीन विषय आहेत: साठ्याची तब्येत, समुद्रावर होणारा परिणाम आणि मासेमारीचं व्यवस्थापन. या तिन्हीखाली मिळून अठ्ठावीस निकष. प्रत्येक निकषात १०० पैकी किमान ६० गुण हवेत आणि प्रत्येक विषयाची सरासरी किमान ८० हवी. ८० च्या खाली राहिलेल्या निकषांत ठरलेल्या मुदतीत सुधारणा करून दाखवावी लागते. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पण दरवर्षी पाहणी होते. पेपर तपासणारी संस्था त्रयस्थ असते, तिची फी मात्र प्रमाणपत्र मागणाऱ्यानेच भरायची.

हिशेब कोणाच्या वहीत?

या परीक्षेचा खर्च मासेमारी किती मोठी आणि किती गुंतागुंतीची यावर ठरतो. साधारण १५ हजार ते १ लाख २० हजार डॉलर असा हा आकडा सांगितला जातो. म्हणजे रुपयांत तेरा लाखांपासून कोटीपर्यंत. दरवर्षीच्या पाहणीचा खर्च वेगळा. शिवाय पाकिटावर चिन्ह छापायचं तर विकणाऱ्याला वार्षिक फी आणि विक्रीवर साधारण अर्धा टक्का रॉयल्टी द्यावी लागते.

समजा, सगळं धरून पाच वर्षांचा खर्च ५० लाख झाला. वर्षाला १० लाख. शंभर यांत्रिक नौकांनी वाटून घेतला तर नौकेमागे वर्षाला १० हजार. डिझेलच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. पण तोच खर्च चाळीस जणांच्या रापण संघावर पडला तर माणशी वर्षाला २५ हजार. किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीत कधी जाळं भरून येतं, कधी नुसता कचरा. त्या माणसाने हे पैसे कुठून आणायचे? समुद्राला सर्वांत कमी त्रास देणारा मच्छीमारच या हिशेबात सर्वांत आधी बाहेर पडतो. लेबल बहुतांश श्रीमंत देशांतल्या मोठ्या ताफ्यांकडे का आहे, याचं एक उत्तर इथे मिळतं.

आता जमेची बाजू. लंडनमधल्या सुपरमार्केटच्या विक्रीचे आकडे तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लेबल असलेल्या गोठवलेल्या अलास्का पोलॉकला सुमारे १४ टक्के जास्त भाव मिळत असल्याचं दिसलं. आकडा चांगला आहे. पण हा भाव दुकानातल्या फळीवरचा आहे. तिथपासून जेटीवरच्या लिलावापर्यंत मागे येताना त्यातले किती टक्के उरतात, हा प्रश्न राहतोच. सुपरमार्केट, आयातदार, प्रक्रिया कारखाना, निर्यातदार, व्यापारी, दलाल आणि मग तांडेल आणि खलाशी. आपल्याकडे दलालाकडून उचल घेतलेल्या नौकेला माल त्यालाच घालावा लागतो. तिथे परदेशी पाकिटावरचे १४ टक्के जेटीवर उतरतील अशी आशा धरणं भाबडेपणाचं होईल.

लेबलचा खरा फायदा बहुतेक वेळा जास्त भाव हा नसतो. बाजाराचं दार उघडं राहणं हा असतो. बड्या दुकानसाखळ्या ठरवतात की आम्ही प्रमाणित मासळीच घेणार. मग लेबल नसलेल्याला गिऱ्हाईकच उरत नाही.

दार बंद झालं की काय होतं

दार बंद होण्याचा अनुभव भारताला आहे, आणि तो लेबलमुळे आलेला नाही. अमेरिकेच्या १९८९ च्या एका कायद्यानुसार, कोळंबीच्या ट्रॉलमध्ये समुद्री कासवं मरू नयेत याची व्यवस्था नसलेल्या देशांकडून समुद्रात पकडलेली कोळंबी घेतली जात नाही. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये अपील मंडळाने अमेरिकेने कायदा लावण्याची रीत भेदभावाची ठरवली, पण कासवं वाचवण्यासाठी असं पाऊल उचलण्याचा तिचा हक्क मान्य केला. कायदा राहिला. २०१९ पासून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचा बाजार बंद झाला. त्यानंतर कासव बाहेर पडू शकेल असा सापळा जाळ्यात बसवण्याच्या कामाला वेग आला. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना जुळेल असा सापळा तयार केला आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १७ लाख टन मासळी निर्यात केली, किंमत ६२,४०८ कोटी रुपये. त्यात किमतीच्या हिशेबाने दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. ही कोळंबी प्रामुख्याने आंध्र प्रदेशासारख्या राज्यांतल्या तळ्यांत वाढवलेली असते, समुद्रात पकडलेली नव्हे. तळ्यातल्या मासळीची प्रमाणपत्रं वेगळी आणि त्यांचे प्रश्नही वेगळे. त्यामुळे निर्यातीचा मोठा आकडा दाखवून ‘लेबल घ्या’ म्हटलं तर कोकण, गोवा, कारवारच्या नौकांना त्यातून फारसं काही मिळत नाही. त्यांची बरीचशी मासळी आजूबाजूलाच खपते. ती सुटी विकली जाते, टोपलीतून, बर्फाच्या पेटीतून. लेबल चिकटवायचं तर ते चिकटवायला पाकीटच नाही!

अटलांटिकचा बांगडा: नौका प्रामाणिक, सरकारं भांडकुदळ

सीमाभागाच्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ईशान्य अटलांटिक महासागरातली आहे. तिथला मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद. हा मासा स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, फेरो बेटं, आइसलंड असा फिरत राहतो. तिथल्या नौकांनी निकष पाळून निळं लेबल मिळवलं होतं.

मग मासाच हलला. २००६-०७ नंतर मॅकरेलचे थवे मोठ्या संख्येने वायव्येकडे, आइसलंडच्या पाण्यात दिसू लागले. समुद्र तापणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. आइसलंडची मॅकरेलची पकड जवळपास शून्यावरून काही वर्षांतच दीड लाख टनांवर गेली. आइसलंड म्हणाला, मासा आमच्या दारात आला, आम्ही पकडणार. फेरो बेटांनीही स्वतःचा वाटा स्वतःच वाढवून घेतला. नॉर्वे आणि युरोपीय संघ म्हणाले, आमचा वाटा जुना आहे, तो कमी होणार नाही. सगळ्यांचे वाटे मिळवले की बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जायची.

२०१२ मध्ये प्रमाणपत्रं स्थगित झाली. काही देशांत समझोता झाल्यावर २०१६ मध्ये ती परत मिळाली. २ मार्च २०१९ रोजी पुन्हा स्थगित झाली, कारण साठा ठरवलेल्या पातळीखाली गेल्याचा अंदाज होता आणि वाटपाचा करार होत नव्हता. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन वेगळा झाला आणि टेबलाभोवती एक खुर्ची वाढली. पुढे काय झालं? २०२६ सालासाठी तिथल्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संस्थेने मॅकरेलची पकड आधीच्या वर्षीच्या सल्ल्यापेक्षा तब्बल ७० टक्क्यांनी कमी करायला सांगितली.

यातल्या एखाद्या स्कॉटिश नौकेचा दोष काय होता? जाळं बरोबर, नोंदी बरोबर, वाटा पाळलेला. तरी लेबल गेलं. कारण प्रमाणपत्राचं पहिलं माप साठ्याला लागतं, एकेका नौकेला नाही. साठा सगळ्यांचा, आणि सगळ्यांची सरकारं एकमत नाहीत. ही सगळी श्रीमंत राष्ट्रं, त्यांच्याकडे शास्त्रज्ञ, उपग्रह, गस्ती जहाजं, सगळं काही. अडलं ते वाटणीवर.

अष्टमुडीचा धडा

याच्या उलट उदाहरण केरळात आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात मिळणाऱ्या शिंपल्या, आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या, १९८० च्या दशकापासून परदेशात जाऊ लागल्या. मागणी वाढली तसा उपसा वाढला. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे १० हजार टन शिंपल्या निघत होत्या, १९९३ पर्यंत त्या निम्म्यावर आल्या.

तेव्हा कुठलंही लेबल समोर नव्हतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने तिथे काही साधे नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ, त्यात शिंपल्या काढायच्या नाहीत. जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. यंत्राने उपसा नाही. निर्यातीच्या मांसात किलोमागे १,४०० पेक्षा जास्त नग भरतील इतक्या बारीक शिंपल्या घ्यायच्या नाहीत. उत्पादन पुन्हा १० हजार टनांच्या आसपास आलं. नंतर शिंपल्या काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांची मिळून एक परिषद झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातलं पहिलं एमएससी प्रमाणपत्र अष्टमुडीला मिळालं. सुमारे तीन हजार लोकांचं पोट त्या शिंपल्यांवर अवलंबून होतं.

क्रम नीट बघायला हवा. नियम नव्वदच्या दशकात, लेबल त्यानंतर वीस वर्षांनी. शिंपल्या वाचवल्या त्या बंदीच्या तीन महिन्यांनी आणि जाळ्याच्या आसाने.

अष्टमुडीत हे जमलं त्यालाही कारणं आहेत. एकच सरोवर, एकच जात, हाताने काढण्याची पद्धत आणि एकच राज्य. शिंपली पोहून दुसऱ्या राज्यात जात नाही. बांगडा जातो.

एक समुद्र, तीन कायदे

राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्यांचा विषय. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो, त्यापलीकडे केंद्राचा. म्हणून गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा आणि कर्नाटकाचा १९८६ चा. गोव्याचा कायदा यायला तर रापणकारांचं मोठं आंदोलन कारण ठरलं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन पारंपरिक मच्छीमारांची मासळी ओढून नेतात, ही त्यांची तक्रार होती. पन्नास वर्षं होत आली, तक्रार तीच आहे. फक्त ट्रॉलरच्या जोडीला पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या नौका आल्या.

महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आपल्या पाण्यात पर्ससीनवर बंधनं घातली आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून आणि दोन नौकांनी जोडीने ट्रॉल ओढून मासेमारी करण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून एलईडी मासेमारीला ५ लाख ते २० लाख रुपये दंड ठेवला. कागदावर हे सगळं कडक दिसतं. तरी सिंधुदुर्गच्या समुद्रात परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर घुसतात ही तिथल्या मच्छीमारांची ओरड हंगामागून हंगाम चालू आहे. गस्ती नौका एक, किनारा लांब, आणि पाठलाग झाला की ट्रॉलर आपल्या राज्याच्या हद्दीत निघून जातो. पाण्यावर कुठे सीमेचा दगड रोवलेला आहे?

या भांडणात साठ्याचं काय होतंय ते आकडे सांगतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस खाल्ले, हे खरं. पण सगळं वादळांवर ढकलता येत नाही. केरळात २०२१ मध्ये तारलीची पकड ३,२९७ टनांवर आली, जिथे एकेकाळी ती लाखांत मोजली जायची. तारलीचं येणं-जाणं पाण्याच्या तापमानावर आणि पावसावरही अवलंबून असतं. म्हणूनच वाईट वर्षात ती किती ओरबाडायची याला मर्यादा हवी.

एक नियम मात्र या किनाऱ्यावर बऱ्यापैकी पाळला जातो. पावसाळ्यातली बंदी. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तिघांची तारीख एकच. शेजारच्या नौका समुद्रात आणि आपल्या बंदरात अशी स्थिती नसली की बंदी पाळायला कोणाची फारशी हरकत नसते. तारखा वेगळ्या असतात तिथे लगेच कुरबुर होते. तिन्ही राज्यांना एकत्र वागता येतं याचा हा पुरावा समजायला हरकत नाही.

पण माशाच्या आकाराचं तसं नाही. पहिली वीण होण्याआधीच मासा पकडू नये म्हणून किमान आकार ठरवण्याची सुरुवात केरळने २०१५ मध्ये केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार जाहीर केले आणि त्याच सुमारास पापलेटला राज्य मासा ठरवलं. पापलेटचा किमान आकार १३५ मिलिमीटर. या याद्या राज्याराज्यांप्रमाणे वेगळ्या आहेत. मग एका बंदरात नाकारलेला बारीक मासा घाटातून किंवा समुद्रातून दुसरीकडे विकायला कितीसा वेळ लागतो? बेळगावसारखं, तिन्हीकडची मासळी येणारं गाव हे या पळवाटेचं शेवटचं टोक आहे.

मच्छीपूड आणि सुधारणा प्रकल्प

प्रमाणपत्रापर्यंत पोचू न शकणाऱ्यांसाठी एक मधली पायरी आहे, मासेमारी सुधारणा प्रकल्प. त्रुटी काय आहेत ते लिहायचं, कामाचं वेळापत्रक जाहीर करायचं, प्रगती सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. गोवा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पर्ससीनने पकडल्या जाणाऱ्या तारलीसाठीही असा एक प्रकल्प नोंदवला गेला आहे. तो कोणत्या धंद्यातून पुढे आला हे बघण्यासारखं आहे. मच्छीपूड आणि मच्छीतेलाच्या. ही पूड जनावरांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते, आणि तिच्या बड्या गिऱ्हाइकांना आता ‘हा मासा कुठून आला’ हे दाखवणारा कागद लागतो.

एका अर्थाने हे चांगलंच आहे. दोन राज्यांतल्या तारलीचा एक साठा म्हणून विचार तरी होतो. पण गोरगरिबाच्या ताटातली तारली ही. ती पुडीच्या कारखान्याला गेली तर तिच्यावर प्रमाणपत्र असूनही गावात ती महागच होणार. साठा टिकतोय का, एवढं लेबल बघतं. टिकलेला मासा कोणाच्या ताटात जातो, हे त्याच्या प्रश्नपत्रिकेत मुख्य प्रश्न म्हणून येत नाही. रापणकार आणि पर्ससीनवाले यांच्यातलं भांडण मुळात याच प्रश्नाचं आहे.

मग करायचं काय?

केंद्राने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना १२ मैलांपलीकडे जायला ऑनलाइन प्रवेश पास लागेल, सहकारी संस्थांना प्राधान्य मिळेल, एलईडी आणि जोडीने ट्रॉलिंग बंद राहील, माशांचे किमान आकार ठरतील आणि व्यवस्थापन आराखडे बनतील, असं त्यात आहे. राज्याच्या हद्दीपलीकडच्या पाण्यासाठी एक चौकट त्यामुळे तयार होते. पण बांगडा आणि तारली बऱ्याच अंशी किनाऱ्याजवळच सापडतात, म्हणजे १२ मैलांच्या आत, जिथे तीन कायदे आहेत.

तिथे तिघांनी मिळून करण्यासारखी तीन कामं आहेत आणि त्यांना लंडनच्या परवानगीची गरज नाही. पहिलं, पावसाळी बंदीसारखीच किमान आकाराची एकच यादी, निदान बांगडा, तारली, सुरमई आणि पापलेटसाठी. बंदरावर मोजणं जमलं नाही तरी घाटाखालच्या नाक्यावर आणि घाऊक बाजारात ते जमू शकतं. दुसरं, परराज्याची नौका पकडली तर तिची माहिती तिच्या मूळ राज्याला जाऊन तिथला परवाना आणि डिझेलची सवलत अडकेल अशी सोय. आज दंड भरून सुटका होते. सवलत गेली तर मालक दहादा विचार करेल. तिसरं, मालवण, पणजी आणि कारवारला उतरणाऱ्या मासळीची एकत्र नोंद. युरोपीय संघाला माल पाठवायचा तर २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी निर्यातीच्या मासळीची नोंद ठेवली जाते. परदेशी गिऱ्हाइकासाठी ठेवता येते ती नोंद इथल्या गिऱ्हाइकासाठी का ठेवता येऊ नये?

बाजारातल्या माणसाचीही यात जागा आहे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनची भीती पसरली तेव्हा लोकांनी मासळी घेणंच थांबवलं आणि सरकारला परराज्यांतून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. गिऱ्हाईक अडलं की सरकार हलतं, हे त्या वेळी दिसलं. तसंच बोटाएवढं पापलेट टोपलीत दिसलं तर ते न घेणं, एवढं कोणालाही करता येतं. त्याला लेबलची गरज नाही, डोळे पुरेत.

हे सगळं झालं आणि पाच-दहा वर्षं टिकलं तर निळं लेबल मागायला काहीच अडचण नाही. तेव्हा तपासणीसाला दाखवायला नोंदी असतील, नियम असतील आणि साठाही असेल. हे न करता लेबलच्या मागे लागलं तर अटलांटिकमधल्या श्रीमंत देशांचं झालं तेच इथे होईल, आणि तेही पाकिटावर चिन्ह छापण्याआधीच. बेळगावच्या बाजारात सकाळी येणाऱ्या बांगड्याला आपलं राज्य कुठलं ते माहीत नसतं. तो उद्याही यावा असं वाटत असेल तर हिशेब तिन्ही राज्यांना मिळूनच करावा लागेल.